संग्रहालयात सापडलेले भाऊ

प्रिय अक्का,

काल भाऊ आपणहून म्हणाले, "चाल, म्युझियम पाही येऊत." तुम्ही गेल्यापासून त्यांचं बाहेर जाणं म्हणजे फक्त लूमवर कामाला. हे तुम्हाला नाही सांगायचं, तर कुणाला? म्हणून लिहायला बसले.

पहिल्यांदा मला तिथे तुम्हीच नेलंत. लग्न होऊन पारोळ्याहून या परक्या मुलखात, गोडादऱ्यात सासरी आले आणि घरच्या आठवणीने नुसती रडत होते मी. एका दुपारी तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "हिचं पोट दुखतंय, दवाखान्यात नेते." आणि रिक्षात बसल्यावर चक्क डोळा मारलात! जाऊबाई डोळा मारते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

केवढंसं ते म्युझियम! जुनी नाणी, जरीचे शेले, चंदनाच्या पेट्या, भिंतीवर जुन्या शेठांची चित्रं. तुम्ही प्रत्येक शेठाला हात जोडत निघालात.

"अक्का, हे देव नाहीत!"

"मेलेली माणसं आहेत ना? मग काय बिघडलं?"

किती दिवसांनी हसले मी!

आणि पुढच्या दालनात, लाकडी गलबताच्या काचेपुढे कोण उभं? भाऊ! सकाळी दात काढायला जातो सांगून निघालेले आपले भाऊ!

थोरले दीर समोर, मी झटकन पदर ओढला. तुम्ही मात्र कंबरेवर हात ठेवलेत. "दात पाडाले आठे उनात का?"

"बेन, धीमे बोलो!" पहारेकरी ओरडला.

भाऊ ओशाळले. लूमच्या सुट्टीला नेहमी इथे येतो, म्हणाले. हसता हसता तुमचे डोळे भरले. "इतला वरीस व्हयनात, मले कधी आणं नही!"

"तू हसशी, आसं वाटनं," ते हळूच म्हणाले.

मला धडकीच भरली, आता भांडण होणार! पण तुम्ही त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिलात. "सांगा मग, काय शे हाई?" भाऊ सांगत गेले, तुम्ही ऐकत गेलात. घरात तुम्हा दोघांना असं शेजारी उभं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर गाडीवर आपण तिघांनी वाफाळता, डाळीचा लोचो खाल्ला. घरात शिरण्याआधी तुम्ही भाऊंच्या गालात कापसाचा बोळा कोंबलात! सासूबाईंनी बिचाऱ्यांना दोन दिवस पेज पाजली.

पुढे दर सुट्टीला दोघं जायचात. मला एकदाही बोलावलं नाहीत हं, अक्का!

काल भाऊ एका शेल्यापुढे थांबले. मागे न पाहताच म्हणाले, "पाह वं, तुले शोभी." मग वळले. समोर मी. किती कावरेबावरे झाले!

एरवी मी खाली मान घातली असती. काल म्हटलं, "अक्काले भलता शोभता."

भाऊ हसले. मग बसमध्ये, थेट घरापर्यंत, तुमच्याबद्दलच बोलत राहिले. तुम्ही कशा भांडायचात, झोपेत कशा बडबडायचात, सगळं!

अक्का, शब्द देते. या घरात तुमचं नाव निघालं की सगळे विषय बदलतात; यापुढे कुणाला गप्प बसू देणार नाही. भाऊंना तर नाहीच.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन