स्वयंपाकघराची भिंत

डिचोली,
जानेवारी १९७४

प्रिय घरधनी,

घर अर्धंच का असेना, धनी तुम्हीच आहात, म्हणून तसंच लिहिते. पेडण्याच्या देवळाचा सभामंडप उभा राहिला, हे मला बसवाल्याकडून कळलं. लोक तुमचं तोंडभरून कौतुक करतात म्हणे. करू देत बापडे, त्यांच्या चुलीवर छप्पर आहे.

लग्न झालं तेव्हा तुम्ही साधे गवंडी होता. आपल्या खोल्या तुम्ही बाबली गवंड्याला जोडीला घेऊन महिनाभरात बांधल्यात आणि मी त्यांत सुखानं राहिले. पुढे गोवा मुक्त झाला, गावोगाव शाळा निघाल्या, तुम्ही त्यांचे नकाशे काढायला लागलात. मग पंचायतीची घरं, मग खाणवाल्याचा बंगला. दारावर आर्किटेक्ट म्हणून पाटी लागली, तेव्हा मी वाडाभर पेढे वाटले. अभिमान वाटला हो, खोटं कशाला बोलू!

पण त्याच वर्षी तुम्हाला आपलं स्वयंपाकघर जुनाट दिसायला लागलं. पाडलंत. नवी भिंत घातलीत, खिडकी चुकली म्हणून तीही पाडलीत. पुन्हा घातलीत, तर म्हणे कमान हवी होती. देवा सायबा! गवंडी होतात तेव्हा एकदा बसवलेला चिरा कधी हलवला नाहीत, आणि आता कागद हातात घेतला की नवंच काहीतरी सुचतं. तीन वर्षं मी झावळ्यांच्या मांडवात रांधते आहे. खनिजाचे ट्रक गेले की भातावर लाल धूळ. परवा शेजारची कमलाक्षी आली, तिच्या घराचा नकाशा तुम्ही लवकर द्यावा म्हणून माझा वशिला लावायला. मांडवातून आभाळ बघत चहा प्याली आणि नकाशाचा विषय तिथेच सोडून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शेवटी बाबलीला बोलावलं. चूल कुठे, खिडकी कुठे, ते मीच उभी राहून सांगितलं. भिंत झाली, कौलं चढली, आज आत भात शिजला. खिडकी जरा डावीकडे सरकली आहे, ते तुम्हाला दारातूनच दिसेल. दिसू दे. एक चिरा जरी हलवलात, तर मी लाटंबार्स्याला माहेरी निघून जाईन. धमकी देत नाही, थकले आहे मी.

गिलावा मात्र बाबलीला करू दिला नाही. तो तुमच्याच हातचा हवा, म्हणून हे पत्र. आर्किटेक्टला तिकडेच पेडण्याला ठेवा, आणि माझ्या गवंड्याला थापी देऊन घरी पाठवा.

तुमचीच,
तारा