ह अक्षराचा केक

आई,

केक ओव्हनमध्ये ठेवलाय आणि तो फुगेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून लिहितेय. डोंबिवलीच्या या घरात बटण दाबलं की भट्टी तापते. तुला हसू आलं असतं. आपण नाताळात पीठ कालवून, डबा फडक्यात बांधून ठाण्याच्या तलावामागच्या बेकरीत न्यायचो. पाव निघाले की घरोघरचे डबे भट्टीत जायचे आणि आपण दोघी उबदार भिंतीला पाठ लावून बसायचो. मैदा रेशनवर, साखर रेशनवर. डब्यात दरवर्षी आपला रव्याचाच केक, नारळ घातलेला. बाकीचे सगळे केक आपण खेळात, नुसते तोंडाने भाजायचो. अ पासून ह पर्यंत एक अक्षर तुझं, एक माझं, आणि त्या अक्षराचा केक. अननसाचा, आंब्याचा, खजुराचा. ठ आला की तू बिनदिक्कत म्हणायचीस, ठाण्याचा केक! आणि ढ आला की ढगाचा.

"अगं, ढगाचा कुठे केक असतो?"

"तू खाल्ला नाहीस म्हणून नसतो होय, बाय?"

ण, ळ, क्ष, ज्ञ तू सोडूनच द्यायचीस, त्यांना गोड आवडत नाही म्हणून. ह आला की खेळ संपला. मी डोळे मिटायचे आणि तो ढगाचा केक भट्टीतून हळूच निघून तलावावरून खाडीकडे तरंगत जायचा. अजून जातो.

त्या वर्षी डबा घेऊन मी तुझ्याशिवाय, पप्पांबरोबर गेलेले. तू महिनाभर अंथरुणावर होतीस आणि घरात सगळे हळू बोलत होते. मला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण मला कळत होतं. गरम डबा तुझ्या उशाशी ठेवते. तू वास घेतेस, आणि म्हणतेस, चल, अ. थांबत, दम खात आपण स पर्यंत येतो. "सीताफळाचा," तू म्हणतेस. "आता ह तुझा."

मला नाव सुचलेलं. पण ते सांगितलं की खेळ संपणार, आणि खेळ संपला की तू जाणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

"उद्या सांगते."

"लबाड कुठली!"

दुसऱ्या दिवशी तू होतीस. तिसऱ्या दिवशीही. रोज विचारायचीस, मी रोज उद्यावर ढकलायचे. वाटलं, जमलं आपल्याला! नवं वर्ष लागायच्या आत तू गेलीस. किती राग आला होता मला तुझा, आई.

मघाशी नातू ओट्याशी उभा राहून हाच खेळ खेळत होता. त्याने पटकन म्हटलं, "ह, हलव्याचा!" मी त्याच्यावर खेकसलेच. म्हटलं, चालणार नाही, दुसरं शोध. तो बिचारा परत अ पासून सुरू झाला.

केकचा वास सुटलाय. हे पत्र मी कुठे टाकणार आणि कसलं. नाव माझं तयार आहे, तेव्हाचंच. उद्या सांगते.