वासुदेवची जंबो, तुकोजीची जंबो

१८ एप्रिल १९९३, रविवार

आली! वासुदेवची जंबो आली. खजरान्याहून सायकलच्या कॅरिअरवर, चादरीत गुंडाळून, दोरीने बांधून आणली पठ्ठ्याने. म्हणाला, चौकात पोरं विचारत होती, "काकाजी, किसको ले जा रहे हो अस्पताल?"

गिटार कसली, पिंपच! पोट एवढं की उजव्या हाताला वळसा घालूनच तारांपर्यंत पोचावं लागतं. मांडीवर घेतली, एक जाड तार छेडली आणि बरगड्या थरथरल्या. जंबोची हीच तर मजा. छोटी गिटार कानाला लागते, जंबो थेट छातीला.

वासुदेव पायरीवर बसून माझं तोंड न्याहाळत होता. परीक्षकाने पहिल्याच दिवशी हसायचं नसतं.

१९ एप्रिल

सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझाच गोंधळ.

वासुदेव आणि तुकोजी, दोघे आमच्या मिलच्या सुतारखात्यातले. अठरा वर्षं एका बाकावर काम केलं, एका डब्यात जेवले. मी शेजारच्या मागखात्यात. बावीस वर्षं, शेकडो मागांच्या खडखडाटात. मिल बंद पडल्यावर दोघांनी मिळून गिटारी करायला घेतल्या. कल्पना माझीच! माझी जुनी गिटार पुढ्यात ठेवून, मोजमापं घेत शिकले. आणि वर्षभरात भांडले—कशावरून? तर पोटाच्या आत चिकटवायच्या पट्ट्यांवरून! वासुदेव म्हणे जाड हव्यात, तुकोजी म्हणे पातळ. आता एक खजरान्यात, एक परदेशीपुऱ्यात. एकमेकांचं नावसुद्धा घेत नाहीत. "वो आदमी" म्हणतात.

राजवाड्याजवळ दिनानाथजींचं वाद्यांचं दुकान आहे. ते म्हणाले, "तात्याजी, मैं तो एकाचाच माल ठेवेन. दोनों की जंबो बारी-बारी से घरी ठेवा, बजाके देखो, आणि पाच मेला सांगून टाका."

ज्याची निवड होईल त्याला वर्षभराचं काम. दुसरा जाणार पिथमपूरला, पॅकिंगच्या पेट्या ठोकायला. दोघेही माझे दोस्त. पण मी सुराशी लबाडी करणार नाही. ठरलं!

२१ एप्रिल

नेहमीप्रमाणे पाचला दूध आणायला गेलो, येताना पोहे-जलेबी. दहाला भंवरकुआंच्या झेरॉक्सच्या दुकानात—कोचिंगच्या पोरांच्या नोट्स काढायच्या. मागाच्या मानाने मशीन म्हणजे किती गुणी बाळ! हूं नाही की चूं नाही. मिल गेली तेव्हा वाटलं होतं, संपलं. पण सुखात आहे, म्हणायला हरकत नाही.

दूध घेऊन परत येईपर्यंत हिने—पंचशीलाने—दोन्ही गिटारी पुसून भिंतीला लावलेल्या होत्या, माझी जुनी आणि वासुदेवची नवी. रोज सकाळी जुन्या साडीचा तुकडा घेऊन पुसते. तेवढंच तिचं संगीत! बापाने महूच्या पलटणीच्या बँडात जन्मभर क्लॅरिनेट वाजवलं, आणि लेक कधी एक ओळ गुणगुणत नाही. चिडवलं तर हसते नुसती.

पण हिचं एक बरं आहे. समोर येऊन, तोंड भरून बोलते. बाकी सगळे हल्ली पुटपुटायलाच लागलेत. मागखात्यात आम्ही ओठ बघून बोलायचो, तो सराव आता उपयोगी पडतो.

२४ एप्रिल

वासुदेवची जंबो आज दुकानात पोचवली. नोंद करून ठेवतो—आवाज भारदस्त, पण जरा दबलेला, घोंगडीआडून आल्यासारखा. मान सरळ. बोटांना सोपी. आणि मुख्य गोष्ट—सात दिवसांत केसभर उतरली नाही! तारा कोऱ्या असून! रोज दूध आणलं, पोहे खाल्ले, गिटार घेतली की सूर जागच्या जागी. अगदी माझ्या जुनीसारखी. तिच्या खुंट्यांना तर चार वर्षांत मला हात लावावा लागलेला नाही. याला म्हणतात कारागिरी!

२५ एप्रिल, रविवार

सकाळी तुकोजीची आली. पाठ सागवानाची—मिलच्या लिलावात एक कपाट घेतलं होतं त्याने, त्याची! आत वाकून बघितलं तर कुलपाच्या भोकाला ठिगळ लावलेलं दिसतं. तुकोजी लाजला. म्हणाला, "वो दिखता है क्या?" मी म्हटलं, दिखता है, और अच्छा दिखता है.

आवाज—काय लिहू! जाड तार छेडली आणि पाठीवर ठेवलेला माझा तळहात झिणझिणला. वासुदेवची बरगड्यांपर्यंत येते, ही पार पोटात उतरते. मोकळा, पसरलेला आवाज.

दुपारच्या बसने ही महूला गेली. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, दहा दिवस तरी लागतील. निघताना म्हणाली, "गिटारी कोण पुसणार?" म्हटलं, मी पुसेन, जा तू. दाराशी जाऊन दोनदा मागे वळून बघितलं—माझ्याकडे नाही, गिटारींकडे!

२७ एप्रिल

खिचडी करपली. कुकरची शिट्टी झालीच नाही. बिघडली असणार.

२९ एप्रिल

डोकं तापलंय नुसतं! बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाचा विहारात सराव होता. मुद्दाम तुकोजीची जंबो नेली. दुसऱ्याच गाण्याला शंकररावांनी पेटी थांबवली. "तात्याजी, पहिली तार जरा-सी उतरली आहे." मी खुंटी फिरवली. त्यांनी मान हलवली. आणखी फिरवली. त्यांनी हात वर केला—आणि तार तटकन तुटली! नवी घातली, ताणली. पुन्हा मान हलवली. "रहने दो भिया, बाकी पाचवर वाजवा." सगळी मंडळी सतरंजीकडे बघत बसली.

पेटी चार सुरांची वाजवतात आणि आम्हाला शिकवतात! पण एक खरं. वासुदेवची सात दिवस हलली नाही आणि ही चार दिवसांत उतरली.

३० एप्रिल

आज जुनी नेली. शंकरराव म्हणतात, हिच्याही दोन तारा उतरल्यात! चार वर्षांत पहिल्यांदा! ऊन फार आहे, लाकूड तापत असेल. आणि जुनीचं वय झालं. तुकोजीची तर कोरी करकरीत आहे. तिला काय झालं?

२ मे, रविवार

तुकोजी घरी आला. गिटारीबद्दल अक्षर विचारलं नाही. मी चहा केला—साखर विसरलो—त्याने निमूट प्यायला. मग म्हणाला, "पिथमपूरला पंचेचाळीसच्या वरचे घेतात का रे?" मी म्हटलं, माहीत नाही. जाताना भिंतीशी उभ्या असलेल्या जंबोच्या पाठीवरून हात फिरवून गेला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मला विचाराल तर तुकोजीचीच आवडली आहे. छाती म्हणते तुकोजी. पण सूर न धरणारी गिटार दिनानाथजींच्या माथी कशी मारू? उद्या गिऱ्हाईक परत घेऊन येईल.

४ मे

चिठ्ठी लिहिली. 'वासुदेवची घ्या. तुकोजीची सूर धरत नाही. तात्याराव.' पाकिटात घातली. चार वेळा काढून वाचली.

संध्याकाळी ही आली. सासूबाईंना स्वच्छ दिसायला लागलंय, पहिल्या दिवशीच जावयाचा फोटो मागवला म्हणे आणि म्हणाल्या, "हा एवढा म्हातारा कधी झाला?" खूप हसलो. वरण-भात जेवलो. घर पुन्हा घरासारखं झालं.

मग चिठ्ठी दाखवली. हिने वाचली. पुन्हा पाकिटात घातली.

"उद्याच द्यायची?"

"हो, पाच तारीख."

"बरं. पण आधी दूध आणा, मग जा."

५ मे

डेअरीची गाडी आलीच नाही. रिकामी किटली घेऊन लगेच परतलो. दार लोटलेलं होतं. ही जमिनीवर बसली होती, तुकोजीची जंबो मांडीवर, कान लाकडाला टेकवलेला. पहिली तार छेडत होती, खुंटी फिरवत होती, पुन्हा छेडत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. तार थरथरताना दिसली. आवाज आला नाही.

समोर जाऊन बसलो. ही दचकली नाही. तोंड भरून म्हणाली, "हिच्या पाच तारा दहा दिवस जागच्या जागी आहेत. तुम्ही बदललीत तेवढीच चुकलीय. वासुदेवभाऊंची मला रोज दोनदा लावावी लागत होती."

"आणि जुनी?"

"चार वर्षं झाली, रोज लावतेय."

चिठ्ठी फाडली. नवी हिला लिहायला सांगितली, आणि खाली सहीही हिलाच करायला लावली.