तांबडीचे एकवीस दिवस

आई, तुझी तांबडी कोंबडी तेव्हा अंड्यांवर खुडूक बसली नव्हती. मी तिला कापली होती. हे सांगायला मला सोळा वर्षं लागली, आणि आता सांगतेय तर ऐकायला तू नाहीस. माझं सगळं असंच. तिसरीत शाळा सुटली तेव्हाचंच अक्षर आहे, मोठं मोठं, एका ओळीत चार शब्द बसतात, म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून लिहितेय. तू ओळखलं होतंस की नव्हतं, एवढंच मला विचारायचंय. बाकी मला काही नको.

आज हे काढायचं कारण म्हणजे काबरी. काबरी म्हणजे आत्ताची माझी कोंबडी, तुझ्या वेळची कुणीच राहिली नाही. गेले एकवीस दिवस ती मागच्या अंगणात पाटीत बसली आहे, शेवग्याखाली. भुसा, त्यावर राख, अकरा अंडी आणि कडेला विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंडाचा खिळा, सगळं तुझ्या पद्धतीनं. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. कारण आपली ही चाळ आता पाडणार आहेत, मला वरच्या मजल्यावर एक खोली मिळणार आहे, तिथं माणसानं उभं राहायचं तर वांधा, कोंबड्या कुठं ठेवू? बाकीच्या कोंबड्या मी देऊन टाकल्या. कोंबडाही दिला. भिंतीपलीकडच्या सोसायटीत एक रिटायर झालेले सर राहतात, त्यांच्या तक्रारी दोन वर्षं ऐकल्या. "अहो, तुमचा कोंबडा पहाटे पाचला ओरडतो." मी म्हटलं, "मग काय करू, घड्याळ बांधू त्याला?" "निदान रविवारी तरी." "रविवार त्याला मी कसा सांगू? तुम्हीच या, शिकवलेलं आहे तुम्ही." कोंबडा गेला आणि आठ दिवसांनी तेच सर भिंतीवरून डोकावले. म्हणाले, "कुठं गेला हो तो? मला हल्ली जाग येत नाही वेळेवर." तेही एकटेच आहेत.

तर कोंबडा जायच्या आधीची अंडी मी साठवून ठेवली आणि काबरी खुडूक झाली तशी तिला बसवली. शेवटचं एकदा.

लहानपणी मी कोंबडी बसवली की दर दोन तासांनी तिला उचलून खाली बघायची, आठवतं? मला कधी दम निघाला नाही. एकदा तू मेसवरून आलीस, डोक्यावर उरलेल्या भाताचं भगुणं, ते तसंच डोक्यावर ठेवून माझ्या पाठीत धपाटा घातलास. "तुला पोटात असताना कुणी असं रोज काढून बघितलं असतं तर निघाली असतीस का गं तू?" शेजारच्या बायका हसल्या. मी रागानं जेवले नाही, तर तू माझ्या वाटणीचा भात कोंबड्यांना घातलास आणि म्हणालीस, "बघ, ह्यांना राग येत नाही." तू अशीच होतीस. समजूत काढणं तुला कधी जमलं नाही, मलाही जमत नाही. त्याच दिवशी तू तो नियम सांगितलास. जिनं आपल्या घरात पिल्लं काढली तिच्या मानेला हात लावायचा नाही. ती म्हातारी होऊ दे, अंडं देऊ दे नाहीतर न देऊ दे, आपल्या मरणानं मरेल आणि शेवग्याखाली जाईल. बाकीच्या आपण कापून खाल्ल्याच की, पण लेकुरवाळी नाही.

तांबडीनं चार वेळा पिल्लं काढली होती. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा ती एका पायानं लंगडायची, अंडी कधीच बंद झाली होती, आणि रोज सकाळी उंबऱ्यावर येऊन तुझ्या खाटेकडं मान वाकडी करून बघायची. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुला तिचा नुसता तांबडा ठिपका दिसायचा. तुझ्या अंगात जीव राहिला नव्हता. दोन घास पोटात ठरत नव्हते. शेजारची मावशी म्हणाली, "गावठीचा रस्सा दे तिला, उठून बसेल." मी अंगणात गेले. पाच तलंगा होत्या, नुकत्या अंड्यावर आलेल्या. आणि ही. मी फार विचार केला नाही, आई. मला त्या दिवशी दुपारी परत नारायण पेठेत पोळ्यांना जायचं होतं. जी काही देत नाही ती घ्यावी, असं वाटलं आणि मी ती घेतली.

कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, उघडून बघितलं, चामडं. परत लावला. अजून सात, आठ. तुझी खाट स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार हातांवर, तू भिंतीकडं तोंड करून पडली होतीस, मला वाटलं झोपलीस. वाटीत रस्सा काढून तुझ्यापाशी आणला तर तू विचारलंस, "किती शिट्ट्या झाल्या गं?"

"मोजल्या नाहीत."

"मी मोजल्या. अकरा."

"कुकरची रिंग गेलीये."

"कोंबडी कुठली?"

"बाजारातली. गावठी सांगून म्हातारी गळ्यात मारली मेल्यानं."

मग उठून बसलीस, माझा हात न धरता, आणि अख्खी वाटी प्यायलीस. महिन्याभरात तू एवढं कधी खाल्लं नव्हतंस. वाटी मला परत दिलीस आणि म्हणालीस, "मीठ बरोबर आहे." मला एवढं बरं वाटलं की मी कामाला जाताना गुणगुणत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू उंबऱ्याकडं बघत होतीस. "तांबडी दिसत नाही ती?" माझ्या तोंडातून निघून गेलं, खुडूक बसलीये. "या वयात?" मी म्हटलं, "तुझ्यासारखीच आहे, ऐकते का कुणाचं." झालं. तिथून ते सुरू झालं. रोज सकाळी मी चहा घेऊन आले की तू विचारायचीस, "आज कितवा?" मी सांगायची, तिसरा. चौथा. "दाण्याला उठली का?" उठली, पाणी प्यायली, परत बसली. "अंडी फिरवते का?" फिरवते. "खिळा ठेवलास ना?" ठेवला गं बाई, ठेवला. एक खोटं सांभाळायला मी रोज एक रिकामी पाटी सांभाळत होते. आधी मला त्याचा राग यायचा, मला घाई असायची, बस पकडायची असायची. पण दहाव्या-बाराव्या दिवसापासून मी चहाचा कप ठेवून खाटेच्या कडेला बसायला लागले, कारण उभ्यानं एवढं सगळं सांगून होईना. तुझ्या कपाळाला हात लावला तोही तेव्हाच. त्याआधी कधी लावला होता ते आठवत नाही.

एकविसाव्या दिवशी तू विचारलंस, "निघाली?" मी म्हटलं, "निघाली. नऊ."

"आण इथं. हातात दे."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं संध्याकाळी देते, आत्ता ओली आहेत. पोळ्या करून परत येताना शनिवार पेठेकडच्या पुलावर एक माणूस टोपलीत रंगवलेली पिल्लं घेऊन बसायचा. साधी नव्हतीच त्याच्याकडं. गुलाबी, हिरवी, जांभळी. मी दोन गुलाबी घेतली, त्यातल्या त्यात तांबडीच्या जवळची. घरी येऊन मोरीत ओल्या फडक्यानं पुसली, ती ओरडतायत, मी पुसतेय, रंग काही जाईना. बल्बखाली धरून सुकवली आणि तुझ्या ओंजळीत ठेवली. तू त्यांना गालाला लावलंस. वास घेतलास. "मऊ आहेत," म्हणालीस. मग पिल्लं मांडीवर ठेवून तू एक तळहात अगदी डोळ्यांजवळ नेलास. घामानं तो गुलाबी झाला होता.

"तांबडीनं रंगपंचमी केलेली दिसते," तू म्हणालीस.

मी काय म्हणाले माहीत आहे? "झोप आता. मला भाकरी टाकायच्यात." एवढंच म्हणाले.

तू निजलीस. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करूनच विचारलंस, "उद्या पहिला का मग, पिल्लांचा?" मी हो म्हटलं. पिल्लांच्या चौथ्या दिवशी तू गेलीस. तुला आंघोळ घातली तेव्हा हाताच्या रेघांमध्ये रंग तसाच होता. मी तो घासला नाही. बायकांना वाटलं कुंकू आहे. दोन पिल्लांतलं एक मेलं, दुसऱ्याचा रंग उडून पांढरा कोंबडा झाला, कामाचा ना धामाचा, वर्षभर नुसता ओरडला. त्याला मी कापलं नाही. का ते मला विचारू नकोस.

सोळा वर्षं मी हेच उलटसुलट करतेय. कळलं होतं तर बोलली का नाहीस? अकरा शिट्ट्या मोजणारी बाई तू, तुला बाजारातली कोंबडी आणि तुझी कोंबडी कळणार नाही? आणि कळलं होतं तर रोज "आज कितवा" कशाला विचारत होतीस? कधी वाटतं मला छळायला. कधी वाटतं, विचारलं नसतंस तर मी कप ठेवून तशीच निघून गेले असते. या वेळी काबरी बसली तेव्हा मला ते जास्त कळलं. एकवीस दिवस झाले, मी रोज मनात आकडा म्हणते, तिसरा, चौथा, आणि चहा घेऊन बसते, आणि घरात कुणी विचारत नाही. परवा न राहवून भिंतीपलीकडच्या सरांना ओरडून सांगितलं, "आज एकोणिसावा!" ते म्हणाले, "कसला?" मी म्हटलं, "काही नाही."

आज दुपारी कामावरून आले तर पाटीतून आवाज येत होता. यावेळी मी उचलून बघितलं नाही. दारात बसून राहिले, तासभर. मग काबरी आपली आपणच उठली. सात निघाली आहेत. नऊ नाहीत, सात, आणि कुठलंच गुलाबी नाही. रविवारी माझ्याबरोबर पोळ्या करणारी बाई काबरीसकट त्यांना घेऊन जाईल, ती धरणाच्या रस्त्याला राहते, तिला मोठं अंगण आहे. तोवर ती माझी.

हा कागद मी कोंबड्यांच्या कण्यांच्या डब्यात ठेवेन. डबा तिकडं वरच्या खोलीत जाईल, कण्या नसल्या तरी.

आणि एक. तांबडी कापली त्या दिवशी तू झोपलीस तेव्हा कुकरमध्ये थोडा रस्सा उरला होता. मी तो ओट्यापाशी उभ्यानंच भाकरीशी खाल्ला, वाटी चाटूनपुसून. भूक लागली होती. चांगला झाला होता, आई.