राहत्या घराला लागलेली नोटीस

डेट्रॉइट, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय व्हर्डेलताईस,

धाकट्या हॉलिसचा वाकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा मनातून वाकलो असे समज.) तुझी साखर कशी आहे? अलाबामात पीच पिकले असतील. मला कळवू नकोस, जीव जळतो. मी इकडे खुशाल आहे, फक्त पालिकेच्या कागदावर नाही. त्याचीच ही हकिगत.

शेजारचे व्हिटलोचे घर तुला आठवत असेल. कारखाना बंद पडल्यावर व्हिटलो मुलीकडे गेला आणि घर मागे राहिले. आधी तांब्याचे पाइप गेले, मग दारे, मग कोणीतरी जिनाही नेला. (चोरलेल्या जिन्याने माणूस कुठे चढतो, हे मला अजून कळलेले नाही.) आमच्या गल्लीत एके काळी तेरा घरे भरलेली होती, आता पाच उरलीत. तेव्हा व्हिटलोचे पडू द्यायचे नाही, असे समोरच्या ओडेसाबाईंनी ठरवले. त्यांनी शाळेत चाळीस वर्षे स्वयंपाक केलाय; त्यांनी ठरवले की बाकीच्यांनी फक्त हातोडा शोधायचा.

बर्फ वितळल्यापासून आम्ही तिथे राबतोय. मी छपरावर असलो की ओडेसाबाई खाली उभ्या राहून मोठ्याने प्रार्थना म्हणतात, त्याने मी जास्तच घाबरतो. घर भरलेले दिसावे, चोर फिरकू नयेत, म्हणून खिडक्यांना पडदे हवे होते. मी तुझ्या भावजयीचे, अर्लीनचे, नेऊन दिले. मग तिच्या कुंड्या नेल्या, पोर्चवरची तिची खुर्चीही नेली. ओडेसाबाई म्हणाल्या, "हॉलिस, तुझ्याच घराची पन्हळ लोंबतेय रे." म्हटले, "बघू पुढच्या आठवड्यात." ताई, अर्लीनला देवाघरी जाऊन तीन वर्षे झाली, तो पुढचा आठवडा काही उजाडत नाही. दुसऱ्याच्या भिंतीला मी शिट्टी वाजवत रंग देतो. आपल्या घरात खिळा ठोकायचा म्हटले की ती खालून सांगायची, वाकडा जातोय, डावीकडे घे. आता सांगायलाच कोणी नाही, मग खिळा ठोकावासा वाटत नाही.

मंगळवारी पालिकेचा माणूस पाडायच्या यादीतले घर पाहायला आला. आम्ही पाचही घरांतली माणसे व्हिटलोच्या पोर्चवर नटूनथटून बसलेलो. ओडेसाबाईंनी रताळ्याची पाई केली होती. त्याने घर आतून-बाहेरून पाहिले, खूश झाला, यादीतून नाव खोडले. आम्ही टाळ्या पिटल्या. त्याने पाईचे दोन तुकडे खाल्ले, हात पुसले आणि विचारले, "आणि हे शेजारचं कधीपासून ओसाड पडलंय?"

ताई, ते माझे घर.

मी म्हटले, "साहेब, तिथे मी राहतो." त्याने पन्हळ पाहिली, बिनपडद्याच्या खिडक्या पाहिल्या, कमरेइतके गवत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. हळूच म्हणाला, "आजोबा, खरंच राहता?" मी अर्लीनच्या खुर्चीतून उठलो. मग तो जाऊन नियमाप्रमाणे दार वाजवून आला, आत कोणी नाही याची खात्री केली (मी त्याच्या मागेच उभा होतो) आणि घर ओसाड असल्याची पिवळी नोटीस चिकटवली.

तो गेल्यावर ओडेसाबाईंनी मला गल्लीभर ऐकू जाईल असे झापले. "चोरांना फसवायला निघालास आणि सगळ्या शहराला फसवून बसलास! मूर्खा, आम्हाला सांगायचं नाही होय?" मग डोळे पुसत त्याच माझ्या गवतात शिरल्या. तेव्हापासून सगळे माझ्याच घरावर तुटून पडलेत. काल मी पन्हळीला खिळा ठोकत होतो, तर खालून ओडेसाबाई ओरडल्या, "वाकडा जातोय, डावीकडे घे!" पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत गेलो, तो बराच वेळ बाहेर आलो नाही. कोणी हाक मारली नाही. त्यांना कळले असावे.

बाकी क्षेम. मुलाबाळांना आशीर्वाद.

तुझा,
हॉलिस

ता. क. पुढल्या महिन्यात पालिकेत सुनावणी आहे. मी इथे राहतो याचा पुरावा म्हणून या पत्त्यावर माझ्या नावाने आलेले टपाल दाखवायचे आहे. विजेची, पाण्याची बिले अर्लीनच्याच नावाने येतात. बदलायचा धीर झाला नाही. आणि मला पत्र लिहिणारे आता तुझ्याशिवाय कोणी नाही. दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील, पाकिटावर नाव तेवढे ठसठशीत घाल.

आणखी एक. सवयीने तू पाकिटावर आम्हा दोघांची नावे लिहिशील. लिहिलीस, तर तिचे खोडू नकोस. पालिकेला मी सांगेन काहीतरी.