अण्णांच्या नावाचं कौल

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या जुन्या चर्चचं छप्पर आम्ही शाकारतोय. खर्चासाठी लोक एकेक कौल विकत घेतात आणि आतल्या बाजूला आपल्या माणसाचं नाव लिहितात. अण्णांच्या शेवटच्या दर्शनाला मला पोचता आलं नाही, म्हणून मीही एक घेतलं. देणग्या घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे कोण?" म्हटलं, "वडील." रडू मात्र अजून आलेलं नाही.

हे काम कुणी न शिकवता शिकलो, तरी मी बसवलेलं कौल कधी रेषेबाहेर गेलं नाही. अण्णांचं काही केल्या बसेना. मुकादम खालून म्हणाला, "उस्ताद, उद्या बघू." मी तेच काढत-घालत राहिलो.

आईला मात्र सांग, पक्कं बसलंय.

तुझा धाकटा