निओडायमियम, घरच्या घरी

३ मार्च
आजपासून आळस बंद. निओडायमियम हाच मार्ग. दिसायला चांदीसारखं, लोखंड आणि बोरॉन मिसळलं की जगातला सगळ्यात जबरदस्त चुंबक. लोक त्याच्यासाठी खाणी खणतात, मोनाझाइट खनिजाची वाळू चाळतात. इथे जुन्या हार्ड डिस्कमध्ये तयार माल पडलाय! हिला सांगितलं. हिने विचारलं, बाथरूमचा नळ कधी दुरुस्त होणार. वैज्ञानिक दृष्टी सगळ्यांना नसते.

६ मार्च
मेहुण्याचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. त्याने मेलेल्या हार्ड डिस्कची अख्खी गोणी दिली, शिवाय जिना उतरून पोचवायलाही आला. काय गमावलं ते त्याला कळलेलं नाही.
संध्याकाळी दोन चुंबकांमध्ये बोट सापडलं. काळंनिळं. माल अस्सल आहे.

७ मार्च (डाव्या हाताने)
याला दुर्मिळ म्हणतात ते चूक. जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं आहे, फक्त विखुरलेलं. वेगळं काढणं कठीण. माझ्या गुणांचंही तेच.

१२ मार्च
चुंबकावरचा निकेलचा मुलामा खरवडला. आत लखलखीत!

१५ मार्च
काळवंडलं. हवा लागली की गंजतं म्हणे. तेलात बुडवून ठेवलंय. तेल हिचं, केसांचं. सांगायची घाई नाही.

१८ मार्च
शुद्ध करायला ओव्हनमध्ये भाजलं. आता टाचणीही उचलत नाही. फार तापवलं की चुंबकत्व जातं, हे स्वतः सिद्ध केलं. कन्या म्हणाली, म्हणजे आधी निदान चुंबक तरी होता. शाळेत हल्ली हेच शिकवतात.

२२ मार्च
गोणी संपली. हिच्या कपाटात एक हार्ड डिस्क सापडली. लेबल नाही, म्हणजे मेलेलीच. फोडली. आतापर्यंतचा सर्वोत्तम चुंबक! आतल्या चकचकीत चकत्या भोकं पाडून गॅलरीत टांगल्या. कबुतरं येणार नाहीत.

२३ मार्च
त्यात सासऱ्यांचा आवाज होता. घशाच्या ऑपरेशनआधी हिने रेकॉर्ड केलेला. आता ते कागदावर लिहून बोलतात.
मी शांतपणे समजावलं की आवाज चुंबकात नसतो, चकत्यांवर असतो. ही गॅलरीत गेली. रडली नाही. एकेक चकती सोडवून पदराने पुसत बसली.
झोप नाही. ओव्हनच्या वासामुळे असावं.

२८ मार्च
मेहुण्याकडे दुसरी प्रत निघाली. सगळे ऐकायला जमलो, सासरेही आले. ही डोळे मिटून बसली. आणि तो जुना खणखणीत आवाज आला: “जावई मनाने भला आहे. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर तेवढा देऊ नकोस.”
सासऱ्यांनी मान डोलावली. ही हसली, मग रडली.
रेकॉर्डिंगचा दर्जा बेताचाच. पहिलं वाक्य मात्र स्वच्छ ऐकू येतं.